माईक माझ्याकडे होता

सुशांत यास,

तू अजून दवाखान्यात आहेस आणि मी कंपनीच्या बसने कामाला जातोय. सहा वर्षं तुझ्या मोटारसायकलवर मागे बसून एमआयडीसीत गेलो, त्यामुळे बसमध्ये कुठं बसावं तेच कळत नाही.

पोलादपूरच्या कबड्डीच्या सामन्यांत प्रत्येक संघाला मी माईकवरून त्याच्या मंडळाच्या नावाने पुकारलं. तुमच्या पंचशील मंडळाला मात्र दर वेळी ‘बौद्धवाडीचा संघ’ म्हणालो. तसं म्हणायला मला कोणी सांगितलं नव्हतं. निवडणूक तोंडावर होती, एका उमेदवाराच्या प्रचारातली पोरं मैदानाच्या दोरीला लागून बसली होती. त्यांना ते बरोबर पोचलं.

फायनल तुम्ही जिंकलात आणि ती पोरं मैदानात घुसली. जातीवरून शिव्या देत होती. मला एकेक शब्द ऐकू येत होता. थांबा म्हणायला माईक हातातच होता. आयोजक म्हणाले, “सहदेव, गाणं लाव रे.” मी लावलं आणि आवाज पूर्ण वाढवला. तुझ्या गुडघ्यावर लोखंडी खुर्ची घातली, तेव्हा तू माझ्याकडेच बघत होतास.

काल पोलिसांनी माझा जबाब घेतला. साक्षीदार म्हणून तूच माझं नाव दिलंस. “सहदेव खोटं बोलणार नाय,” असं म्हणालास म्हणे. शिव्या काय दिल्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “गाणं मोठ्यानं लागलेलं, साहेब. काय ऐकू आलं नाय.” खाली सही केली.

गाणं कोणी लावलं, हे त्यांनी विचारलं नाही. तू विचारशील, म्हणून दवाखान्यात येत नाही.

तुझ्या गाडीवर मागे बसणारा,
सहदेव