सटवाजीच्या बंदुकीसाठी दुर्बीण

शिरूर अनंतपाळ,
सोमवार, भर दुपार (दुकानात गिऱ्हाईक नाही)

चि. दयानंद यास बसवंतआप्पाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत, सूनबाई तनुजाची पाठ आणि हैदराबादेतल्या तुमच्या नळाचं पाणी, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे मी बरा आहे, रुद्राणीकाकूचे गुडघे होते तसेच आहेत आणि तुझा बाप या क्षणी माझ्या दुकानात चादरींच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून घोरतो आहे. म्हणून तर पत्र लिहितो. तुला फोन लावला की हा सटवाजी शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकतो आणि मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच देऊन टाकतो. कागदाला ती भीती नाही, कारण बारीक अक्षर त्याला आताशा वाचता येत नाही. (हे वाक्य ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.)

तू मोबाइलवर लेझरच्या दोन दुर्बिणींचे फोटो पाठवलेस आणि विचारलंस, आप्पा, दादांच्या बंदुकीसाठी यातली कुठली घेऊ? डोळ्याला लावायची, बटण दाबायचं, की समोरचं जनावर किती लांब आहे त्याचा आकडा आत उमटतो, असं तूच समजावलंस. आता मी पडलो लिंगायत. आमच्या सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही, आणि शिकारीचं हत्यार निवडायला तू मलाच गाठलंस. पण मी चाळीस वर्षं कापड मोजत आलो आहे, तेव्हा मोजमापातला जाणता माणूस म्हणून माझं नाव तुझ्या डोक्यात आलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि खरं सांगायचं तर जरा फुगलोही. रुद्राणीकाकूने मात्र पूजा आटोपून बाहेर येता येता एवढंच विचारलं, "जीव घ्यायचं अंतर मोजून देणाराला पाप कमी लागतंय का?" त्या दिवसापासून ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलायला लागली.

दुर्बिणीची गरज मलाही वाटत होती, त्याचं कारण तुला ठाऊक नाही. रानडुकरांनी आमचा हरभरा उकरून टाकला की वन खात्याकडे अर्ज करायचा, परवानगीचा कागद आणायचा आणि सटवाजीला बोलवायचं, ही आमची जुनी रीत. आख्ख्या शिवारात परवान्याची बंदूक त्याच्या एकट्याकडे. दोन वर्षांमागे असाच बोलावला, तर त्याने तुरीच्या कडेला काळं डुक्कर पाहिलं आणि बार काढला. डुक्कर जागचं हललं नाही. जवळ जाऊन बघतो तर माझ्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची पेटी, वरून काळं पोतं झाकलेलं. सटवाजी मागून येत होता तेवढ्यात मी पोतं नीट ओढून घेतलं, 'डुक्कर पळालं' म्हणून सांगितलं आणि गावभर बोललो की विजेच्या दाबाने स्टार्टर जळाला. का, तर ज्या माणसाने तरुणपणी पळत्या डुकराचा कान नेम धरून उडवला, त्याला पेटी आणि डुक्कर यातला फरक दिसेनासा झालाय हे चारचौघांत व्हायला नको. तुझी आई, सिंधुवहिनी, गेल्यापासून त्याच्याजवळ त्या नावाशिवाय राहिलंय काय? मला वाटलं, दुर्बिणीत आकडा दिसला की डोळ्यांवर भिस्त ठेवायला नको.

म्हणून लातूरला गेलो. तिथे कॅमेऱ्यांच्या दुकानाचा मालक माझ्या ओळखीचा, त्याच्या तिन्ही मुलींच्या लग्नाचा बस्ता माझ्याकडून गेलेला. त्याने दोन्ही प्रकारच्या दुर्बिणी वापरून बघायला आठ दिवस दिल्या. पहिली निघाली गोल्फची. (गोल्फ म्हणजे कुणीही न चरलेल्या हिरव्या रानात एक झेंडा रोवायचा आणि त्याच्या बुडाशी असलेल्या खळग्यात चेंडू घालायचा. एवढं रान मोकळं ठेवायला त्यांना परवडतं कसं, हे मी मालकाला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं.) त्या खेळात झेंडा पुढे आणि झाडं मागे, म्हणून ही दुर्बीण सगळ्यांत जवळची वस्तू धरते आणि सापडली की हातात थरथरते. शेतात नेली तर तिने दर वेळी आमचं बुजगावणं धरलं. डुक्कर मागे हरभरा खातंय आणि ही बुजगावणं सापडल्याच्या आनंदात थरथरते आहे! आकडाही यार्डात, म्हणजे आपले वार. त्याची मला अडचण नाही, उलट आयुष्यात पहिल्यांदा एक यंत्र माझ्या भाषेत बोललं. बुजगावणं साठ वारांवर, म्हणजे सहा नऊवारी लुगडी आणि वर एक सहावारी साडी, असा हिशेब मी तिथल्या तिथे सांगितला. सटवाजी म्हणाला, "आप्पा, डुकराला मारायचंय का नेसवायचंय?"

दुसरी खास शिकारीची. हिचा स्वभाव बरोबर उलटा. शिकारीत जनावर पाल्याच्या, गवताच्या मागे असतं, म्हणून ही जवळचं सगळं मुद्दाम सोडून देते आणि लांबचं तेवढं दाखवते. हजार वारांपर्यंत बघते म्हणे. आता दयानंद, तुझ्या बापाची बंदूक छर्‍याची, तिचा मार जेमतेम चाळीस वारांचा. पुढचे नऊशे साठ वार आम्ही नुसते बघत बसायचे का? तरी ठरवलं, हीच घ्यायची. जवळचं सोडून लांबचं बघणारी वस्तू आजकाल सगळ्यांना पसंत पडते. (हे तुला उद्देशून नाही. थोडंसं आहे.)

परवा उजाडता उजाडता आम्ही दोघं शेतातल्या माळ्यावर चढून बसलो. सटवाजीच्या मांडीवर बंदूक, माझ्या डोळ्याला दुर्बीण, आणि खाली हरभऱ्यात खरोखर डुक्कर आलं. चांगलं वासराएवढं. मी बटण दाबलं, आकडा आला अडतीस. चाळीसच्या आत! पाप-पुण्य, सात पिढ्या, रुद्राणीचा सवाल, सगळं विसरून मी कुजबुजलो, मार! सटवाजीने बंदूक खांद्याला लावली, नेम धरला आणि तसाच बसून राहिला. डुकराने एक वाफा खाल्ला. मी पुन्हा म्हणालो, अरे मार की! डुकराने दुसरा वाफा खाल्ला, अंग खाजवलं आणि कुणाची घाई नसल्यासारखं तुरीत निघून गेलं. मला असा राग आला की मी त्याच्या हातातून बंदूक ओढून घेतली आणि उघडून बघितली. आत काडतूसच नव्हतं.

"दोन सालापासून घातलंच न्हाई," सटवाजी म्हणाला. "तुझ्या पेटीला छर्रे लागले तवाच घरी जाऊन सगळी काडतुसं ट्रंकेत बंद केली. तिथं पोत्याच्या जागी खुरपणारी बाई वाकली असती तर?" मी म्हणालो, म्हणजे तुला कळलं होतं? तो म्हणाला, "आप्पा, विजेनं जळलेल्या पेटीला भोकं पडत न्हाईत. तू लई जीव लावून खोटं बोलत व्हतास, म्हून गप बसलो." मी विचारलं, मग रिकामी बंदूक घेऊन दोन वर्षं येतोस कशाला? त्याने बंदूक माझ्याकडून परत घेतली आणि म्हणाला, "तू बोलवतूस म्हून. दुसरं कोण बोलवतंय?"

मला रडू आलं, हे लिहायला लाजत नाही. दोन वर्षं मी त्याची अब्रू झाकतोय असं मला वाटत होतं आणि तो माझं झाकणं झाकत होता. मग त्यानेच दुर्बीण मागून घेतली आणि डुक्कर गेलं तिकडे सोडून उदगीरच्या रस्त्याकडे वळवली. बटण दाबून मला म्हणाला, आत काय आलंय बघ, मला दिसंना. मी बघितलं. आकडा नव्हता, दोन आडव्या रेघा होत्या. यंत्राच्या पल्ल्याबाहेरचं असलं की तशा येतात. मी तसं सांगितलं. "हैदराबाद तिकडंच हाय न्हवं?" म्हणाला, आणि दुर्बीण माझ्या हातात देऊन माळ्यावरून उतरायला लागला. उतरताना शेवटची पायरी त्याला दिसली नाही, मी दंड धरला.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की दोन्ही दुर्बिणी मी लातूरला परत केल्या आहेत. डुकरांसाठी आता बांधावर तारेचं कुंपण घालतोय. रुद्राणीकाकू माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागली आहे. तनुजाला आशीर्वाद.

तुझा,
बसवंतआप्पा

ता. क. – खरं काम राहिलंच. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आहे. लातूरच्या डॉक्टरांनी अर्ध्या तासाचं काम आहे म्हणून सांगितलं, पण आणखी उशीर केला तर आहे तेवढीही नजर हाताशी राहणार नाही असंही सांगितलं. मी तीनदा तारीख घेतली, तिन्ही वेळा त्याने मोडली. कारण विचारलं तर म्हणतो, पोरगं आल्यावर बघू. तू मागची येळवस (कॅलेंडरात वेळा अमावास्या) चुकवलीस, त्याच्या आधीचीही. यंदाची पंधरा दिवसांवर आहे. सगळ्या भाज्यांची मिसळून केलेली भज्जी खायला शेतात ये, आंबिलीने भरलेलं मडकं, आपला बिंदगा, तुझ्या डोक्यावर देतो, आणि दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन लातूरला जा. दुर्बीण आणू नकोस.

आणखी एक ता. क. – सटवाजी जागा झाला. कुणाला लिहितोस म्हणून विचारलं. मी सांगितलं, सोलापूरच्या चादरवाल्याला. तो म्हणाला, "त्याला लिही, कामधंदा सोडून येऊ नको म्हणावं, इथं सगळं बरं हाय." मग पुन्हा चादरींवर आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला, "अन् यायचंच आसंल तर उदगीरवरून ये म्हणावं. निलंग्याकडचा रस्ता खोदून ठिवलाय." सोलापूरहून येणाऱ्याला वाटेत उदगीर लागत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.