फळ्याकडे तोंड करून

मंगळवार, ४ मार्च

आले. शेवटी माझ्याच टेबलावर आले. बाबांचे भूमितीचे चाळीस धडे!

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्याच संस्थेसाठी हे धडे रेकॉर्ड केले होते. व्हिडिओ सव्वा वर्षापासून ऑनलाइन आहेत. खाली बोलणं ऐकून मशीनने आपोआप टाकलेल्या ओळीही पहिल्या दिवसापासून आहेत, पण इतक्या गचाळ की विद्यार्थी तक्रारी करून थकले. आता त्या माणसाने नीट करायच्या. तो माणूस म्हणजे मी.

पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला देऊ का? तुला त्रास होईल." मी नको म्हटलं. बाबांचा आवाज दिवसभर परक्या कानात — मला नसतं सहन झालं.

त्यांना जाऊन चौदा महिने झाले. हेडफोन लावला आणि ते म्हणाले, "बसा. पट्टी आणि कंपास काढा." मी उठून पाणी प्यायला गेले. तहान नव्हती.

गुरुवार, ६ मार्च

मशीनला खोकला कळत नाही. बाबा खोकले की ते लिहितं — संगीत. डस्टर टेबलावर आपटलं की लिहितं — टाळ्या. पहिल्या चार धड्यांत सव्वीस वेळा टाळ्या. सबंध नोकरीत मिळाल्या नसतील एवढ्या. एकटीच हसत बसले, आणि मग हसू आवरेना की रडू, तेच कळेना.

आमचे नियम साधे. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी. अडखळणं काढायचं. धड्याशी संबंध नसलेलं काहीही काढायचं. बाई याला 'स्वच्छ मजकूर' म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना स्वच्छताताई म्हणतो. अर्थात त्यांच्या माघारी.

बाबांचं "कळलं का?" दर दोन मिनिटांनी येतं. नियमाने सगळी काढायला हवीत. प्रत्येक धड्यात एक ठेवते.

शुक्रवार, ७ मार्च

झालेले धडे रोज संध्याकाळी आईला दाखवते. आईला नवव्या वर्षापासून ऐकू येत नाही. तापात गेलं ते गेलंच. समोरच्याचे ओठ वाचते. स्वतः बोलते ते एका सुरात, पण ठणठणीत. त्यामुळे बाबा घरात नेहमी तिच्याकडे तोंड करून बोलायचे. मोजे शोधत असले तरी आधी वळायचे, मग विचारायचे.

फळ्याकडे वळलेला माणूस मात्र तिच्यासाठी गप्पच. आता तिथेही खाली धड वाचता येतील अशा ओळी येतात. आज म्हणाली, "पाठमोरे असताना पण शिकवायचे होय हे!" खूश होती.

मग जेवताना नेहमीचं. "त्या दिवशी यांनी हाक मारली असेल. मी भिंतीपलीकडे होते."

बाबा सकाळी बाथरूममध्ये पडले. आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी ऑफिसला निघून गेले होते. आठवड्यातून दोनदा तरी आई हे वाक्य बोलते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी म्हणते, "तुझी काय चूक, आई." ओठ नीट हलवून म्हणते, तिला वाचता यावं म्हणून.

मंगळवार, ११ मार्च

सोळा धडे झाले. डोळे चुरचुरतात. आई बाबांचा टॅब उशाशी ठेवून झोपते. फोटो बघत असेल.

गुरुवार, १३ मार्च

आज पुन्हा तेच — हाक मारली असेल.

लिहूनच टाकते. या वहीलाही आजवर सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. बाबांना मीच डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं ऑपरेशन लवकर करा, आणि यांना घरात एकटं सोडू नका. बाबा म्हणाले, "कोर्स संपू दे. आणि आईला सांगायचं नाही. ती मला खुर्चीतून उठू देणार नाही." मी ऐकलं. मलाही तेच सोयीचं होतं. आईला समजावत बसायला नको.

चाळिसावा धडा झाला. ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या तारखेच्या आठ दिवस आधी बाबा गेले.

आईला माहीत असतं तर तिने बाथरूमची कडी लावू दिली नसती. दाराशी उभी राहिली असती. हाक ऐकायची गरजच पडली नसती. चौदा महिने ती स्वतःच्या कानांना दोष देतेय आणि मी समोर बसून भाजी वाढून घेतेय.

मंगळवार, १८ मार्च

धडा एकतीस. वर्तुळाची स्पर्शिका.

बाबा फळ्यावर वर्तुळ काढतायत. अर्ध्यावर हात थांबतो. डावा हात फळ्याला टेकतो. मागे न वळता, हळू आवाजात कॅमेरावाल्याला म्हणतात —

"जरा दम खाऊ द्या. परत दुखतंय छातीत. मुलीला माहीत आहे. घरी सोडाल तेव्हा आमच्या हिला काही बोलू नका, तसं ठरलंय आमचं."

मग वर्तुळ पूर्ण करतात. छान गोल येतं. "कळलं का?"

चित्रात वर्तुळ आहे, म्हणून कुणी तो तुकडा कापला नसणार. कॅमेरावाला आता संस्थेत नाही, त्याला विचारायचीही सोय नाही. आणि मशीन! साध्या 'त्रिकोणा'ची वाट लावणाऱ्या मशीनने नेमकी ही ओळ जशीच्या तशी लिहिली आहे. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

धडा तसाच ठेवून लवकर घरी आले. आईने विचारलं, "आज नवा धडा नाही?" डोकं दुखतंय म्हटलं.

बुधवार, १९ मार्च

ठेवली तर आई वाचेल. बाबांनी लपवलं हे एक वेळ ती समजून घेईल, ते तर गेलेच. पण मुलीला माहीत होतं! मग तिचं असं उरेल कोण?

काढली तर ती मरेपर्यंत त्या भिंतीपलीकडेच उभी राहणार.

दिवसभरात एकही धडा केला नाही. दोनदा घरी निघाले, आज सांगायचंच म्हणून. दोनदा परत येऊन बसले. मी भित्री आहे. बाबांवर गेलेय.

गुरुवार, २० मार्च

स्वच्छताताईंना विचारलं — शिक्षक मध्येच खाजगी काही बोलले तर? त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "काढायचं. धड्याशी संबंध आहे का त्याचा?"

नाही म्हटलं. टेबलाशी आले. ओळ निवडली, पुसली. त्या जागी नऊ सेकंद काहीच नाही. जतन केलं, पाठवून दिलं. मशीनचा जुना मजकूर गेला, माझा स्वच्छ मजकूर आला. नियमाने वागल्याचं एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवार, २१ मार्च

आईला धडा एकतीस दाखवला. मी पडद्याकडे कमी, तिच्याकडेच जास्त पाहत होते. ते नऊ सेकंद आले. बाबांचा हात फळ्याला टेकला. खाली ओळ नाही. आई थोडी पुढे वाकली, मग मागे टेकून बसली.

"इथे काय म्हणाले?" तिने विचारलं.

"काही नाही. दमले होते, थांबले."

"बरं," म्हणाली. उठून गॅसपाशी गेली. आज हाकेचं बोलली नाही. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

रविवार, २३ मार्च

सकाळी आईने चहा दिला आणि समोर बसली. बाबांचा टॅब माझ्यापुढे सरकवला. धडा एकतीस, बरोबर त्या जागी थांबवलेला.

"इथे ओळ होती," ती म्हणाली. "मशीनने लिहिलेली. हे गेले त्याच आठवड्यात वाचली मी. तू आज ना उद्या सांगशील म्हणून थांबले होते."

आणि नेहमीसारखी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.