टोमॅटो, मौन आणि अठरा टक्के

३ फेब्रुवारी, पहाटे ५.४०
आजपासून बागकाम. छंद म्हणून नाही, साधना म्हणून. बाल्कनीत सहा कुंड्या: टोमॅटो चार, लिंबू एक, गुलाब एक. बाल्कनी २.४ मीटर बाय ०.९. तिन्ही बाजूंनी ग्रिल असल्यामुळे लक्ष विचलित होत नाही.

नर्सरीवाल्या बाई म्हणाल्या, मातीत हात घातला की डोकं आपोआप रिकामं होतं. माझं सध्या भरलेलं आहे. साहेबांनी दुसऱ्या शहरातल्या नव्या लॅबची इन्चार्ज म्हणून माझं नाव सुचवलंय. ऑनलाइन फॉर्म भरून होकार द्यायचा, २८ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. मला जायचं आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. फक्त होकार शांत मनाने द्यायचा आहे. पंचवीस दिवस पुरेसे आहेत.

मातीत हात घातला. हातमोजे लॅबमधले.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
मातीतला ओलावा मोजायचा मीटर आणला. अंदाजाने पाणी घालणारे लोक मला समजत नाहीत. आईने विचारलं, सगळं प्लास्टिक काढलंस ना गं, नव्या इस्त्रीचं तसंच ठेवलं होतंस. मी म्हटलं, आई, सात ते तीन मी मीटरच तपासते, मला पगार त्याचाच मिळतो. ती म्हणाली, बरं बाई.

हे ‘बरं बाई’ मला झोंबतं. साधनेसाठी नोंद: राग, दहापैकी चार.

ओलावा १८ टक्के. असायला हवा ४५.

५ फेब्रुवारी
पाणी घातलं. १८. आणखी घातलं. १८. सहाही कुंड्यांत १८. मीटर नवा आहे, सोबत सर्टिफिकेट आहे. म्हणजे ही मातीच वेगळी. कितीही मिळालं तरी हुरळून जात नाही. तिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

७ फेब्रुवारी
लॅबमध्ये ज्युनियरला झापलं. प्रेशर गेज तीन दिवस एकच आकडा दाखवत होता आणि हा शहाणा तो रजिस्टरमध्ये उतरवत होता. म्हटलं, आकडा हलत नसेल तर आधी उपकरणावर संशय घ्यायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तो म्हणाला, चुकलं मॅडम. आणि त्याच दमात, मॅडम, तुम्ही जाताय ना नव्या लॅबला? नसाल जाणार तर सांगा, माझी बॅग कायम भरलेलीच असते.

उथळ मुलगा. मुळंच नाहीत.

घरी आल्यावर ओलावा १८. प्रत्येकी एक लिटर.

१० फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. वाळत घातलेल्या त्यांच्या चादरींवर चिखलाचे थेंब. म्हणाल्या, तुझी साधना माझ्या पांढऱ्या चादरींवर टपकतेय गं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पूर्वीची मी असते तर थेंबांचा मार्ग आकृती काढून समजावला असता. आज फक्त तोंडी समजावला.

अहंकार: सुरुवातीला १०, आज ६, अधिक-उणे १. शेड्यूलच्या दोन दिवस पुढे आहे.

१४ फेब्रुवारी
टोमॅटोची पानं पिवळी पडली. आई म्हणाली, अगं, मुळं कुजतायत, थांबव ते पाणी. मी मीटर दाखवला. म्हणाली, खड्ड्यात गेला तुझा मीटर, बोट घालून बघ. बोटाचं कॅलिब्रेशन कोण करणार?

पिवळेपणाचा विचार केला. झाड एकेक पान सोडून देतंय. सोडता येणं हीच तर शेवटची पायरी. टोमॅटो माझ्या पुढे गेले याचा मत्सर वाटला नाही. (मत्सर: २.)

१६ फेब्रुवारी, रविवार
बाबा माझ्या खोलीत टेप घेऊन भिंत मोजत होते. विचारलं, हे काय. म्हणाले, तू गेलीस की इथे माझं सुतारकामाचं टेबल मावतं का बघतोय. कपाट हलवलं तर मावेल. मग टेप गुंडाळत म्हणाले, नक्की कधी जातेस गं? फळ्या कापून आणायच्यात.

लेक दूर जाणार म्हटल्यावर बापाचं मन असं कशात तरी गुंततं. मी टेप पुन्हा धरून दिली. ते चार मिलिमीटर चुकले होते.

माझ्याशिवाय यांचं कसं होणार? वायफाय बंद पडलं की कोण बघणार? आई म्हणते, गेल्या वेळी मीच बंद करून चालू केलं होतं. पण ते नशीब.

१९ फेब्रुवारी
फॉर्म उघडला. नाव, हुद्दा, आणि खाली ‘मान्य आहे’चं बटण. दाबणारच होते, इतक्यात बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटलं. अशा धक्क्यात निर्णय घेणं बरोबर नाही. फॉर्म बंद केला आणि दार हातात घेतलं. आपोआप बंद होणारी स्प्रिंग आणि खटका बसवला. सात मिनिटं, चार स्क्रू. चोख काम. खटका फक्त घरातून उघडतो. बाहेरून मूठ शनिवारी लावेन.

२२ फेब्रुवारी, शनिवार
मुठीला वेळ मिळाला नाही. माती झाली, पाणी झालं, आता साधनेचा तिसरा टप्पा: मौन. रोज चार ते पाच बाल्कनीत, फोन घरात. दार पाचला आई उघडेल. आज चौथ्याच मिनिटाला मी काच वाजवली, पाणी हवं म्हणून. आईने लगेच उघडलं. पाणी पिताना कळलं की तहान नव्हतीच. मन सुटायला सबबी शोधतं.

म्हणून आई-बाबांना समोर बसवून सांगितलं: पाचच्या आत दार उघडायचं नाही. मी काच वाजवली तरी नाही, ओरडले तरी नाही, काहीही कारण सांगितलं तरी नाही. आईने विचारलं, आणि रडलीस तर? म्हटलं, तर अजिबातच नाही. बाबा म्हणाले, हे मला जमेल.

२५ फेब्रुवारी
मौन उत्तम चाललंय. दोन टोमॅटो गेले. साहेबांनी विचारलं, फॉर्म अजून दिसत नाही तुमचा? म्हटलं, सर, प्रोसेसमध्ये आहे. ते म्हणाले, कसली प्रोसेस, एक बटण तर आहे.

ओलावा १८. प्रत्येकी दोन लिटर.

२८ फेब्रुवारी, दुपारी ३.५०
फॉर्म भरून लॅपटॉपवर तयार. फक्त बटण बाकी. आत्ताही दाबता येईल, पण मग पंचवीस दिवसांना अर्थ काय? चार ते चार चाळीस मौन, मग काच वाजवून आत, मग बटण. वीस मिनिटं हातात राहतात. मन स्वच्छ आहे.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५
क्रमाने लिहिते.

४.४० ला काच वाजवली. आई सोफ्यावर मोजा शिवत होती. तिने वर बघितलं, घड्याळ बघितलं, हसली, आणि मान हलवून नाही म्हणाली. मी बोटाने लॅपटॉप दाखवला. तिने समजूतदारपणे मान डोलावली आणि पडदा ओढला.

४.४४ ला ओरडले: आई, आज खरंच काम आहे, फॉर्म! पडद्याआडून बाबा मोठ्याने म्हणाले, अहो बाई, आम्ही फसणार नाही! काहीही कारण सांगितलं तरी नाही!

४.४९ ला ग्रिलमधून खाली हाक मारली. काकू म्हणाल्या, आता काय टपकणार आहे? सांगितलं, काकू, आईला म्हणावं दार उघड. बिचाऱ्या दोन जिने चढून आल्या. पडद्याआडून आईचा आवाज आला: अहो, तो तिसरा टप्पा आहे, तुम्ही बसा, चहा घ्या.

४.५३ ला रडले. नोंद घेण्याइतकं. आत बाबा म्हणाले, बघ, तिने सांगितलंच होतं, रडेल म्हणून.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. सवयीने मीटर उचलला आणि हातमोज्याने पुसला. टोकावरून मोजा घसरावा तसं काहीतरी सैल लागलं. ओढलं. पातळ, पारदर्शक टोपण. दुकानातून आणल्यापासून तिथेच. ते काढून मीटर टोमॅटोच्या मातीत खुपसला. ९६ टक्के.

हातमोजा काढून बोट घातलं. गार चिखल. वास कुजका. आई चौदा दिवसांपूर्वी जे सांगत होती तेच.

दार पाचला उघडलं. आईचा अलार्म अचूक आहे, मीच लावून दिलाय. लॅपटॉपवर फॉर्म होता, बटण राखाडी झालं होतं. आई म्हणाली, आज किती मन लावून केलंस गं. मग माझा चेहरा आणि हात बघून टॉवेल आणायला गेली.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, पाच वाजता यादी गेली वर. ज्युनियरचं नाव टाकलं, त्याने तर तीन तारखेलाच अर्ज केला होता, तुमच्यानंतर दुसरा म्हणून.

३ मार्च
ज्युनियरने पेढे नाही, बिस्किटं वाटली. म्हणाला, मॅडम, सगळं तुमच्याकडूनच शिकलो. तिकडच्या खोलीला बाल्कनी आहे म्हणे, काही लावू का? म्हटलं, लाव. मीटर घेतलास तर टोपण काढ. त्याला वाटलं मी गंमत करतेय. म्हणाला, तेवढं कळतं हो मॅडम.

घरी बाबांनी कापून आणलेल्या फळ्या माझ्या पलंगाखाली सरकवल्या. म्हणाले, असू देत गं, लागतील कधीतरी. आईने कुजलेली झाडं उपटली. मला ‘बरं बाई’सुद्धा म्हणाली नाही.

एकूण विचार करता झालं ते योग्यच झालं. मोह सुटला. निर्णय घ्यावाच लागला नाही, ही फार वरची अवस्था आहे. गुलाब अजून हिरवा आहे. त्याला मी लागतेच.

संध्याकाळी बाल्कनीच्या दाराला बाहेरून मूठ बसवली. दहा वेळा उघडून-मिटून तपासली. आता आत यायला काहीच अडचण नाही.