उलटलेली गाडी कुणी सांगायची

प्रिय कृष्णात,

‘प्रिय’ हा शब्द आपल्या मास्तरीणबाईंचा. मी ‘मुडद्या’ सांगितलं होतं. मी ‘न्हाई’ म्हणते, विजयमालाबाई ‘नाही’ लिहितात. नातू नेला तो नेला, आता माझी जीभही नेली. लिही बाई, हेसुद्धा लिही.

म्हैस व्याली, रेडी झाली. तू सांगलीत मालमोटारीवर क्लीनर आहेस, दिवाळीनंतर मालक मोटार तुझ्या हातात देणार, हे तू आधी कळवलंस कुणाला, तर हिला. मला आपलं ‘तब्येत जपा.’ जपते, बाबा.

पंधराव्या वर्षी तुझ्या तोंडाला वास आला, तेव्हा माझ्या गळ्याची शपथ घेतलीस. आणि म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला जाऊन पोरांबरोबर पुन्हा प्यालास. मी मेले नाही, हे माझं नशीब! येताना आपल्या घरामागच्या ओढ्याच्या उतारावर बैलगाडी उलटवलीस, तुझ्या जोडीदाराचा, ज्ञानूचा पाय चाकाखाली गेला. मी रडले, तुला बडवलं, उपाशी राहिले. तू आपला दगड. मग ही बाई दारूबंदीचे रंगीत तक्ते घेऊन शाळेत आली. हिच्यासमोर देवाचा बेलभंडारा उचललास, आणि ती शपथ मात्र आजवर पाळलीस. बरं वाटलं रं, पण लय जळले. माझा गळा काय रस्त्यावर पडला होता?

आता ही गावोगाव पोरांना तुझीच गोष्ट सांगते. ‘एक मुलगा होता’ म्हणते. पोरं जांभया देतात. देतीलच. ज्ञानूची किंकाळी हिनं कुठं ऐकलीय? त्याचं रक्त माझ्या पदरानं पुसलंय. ती गोष्ट माझी आहे. म्हणून येत्या बाजारादिवशी म्हसवडच्या शाळेत मी बोलणार. ज्ञानू कुबडी घेऊन शेजारी बसायला तयार झालाय.

त्याला बघून पोरं विचारणारच, गाडी कोण हाकत होतं? तुझं नाव घेऊ का? लोक विसरत नाहीत. तुझ्या मालकाच्या कानावर जाईल, उद्या मुलगी देणाऱ्याच्याही जाईल. नको असेल तर गोष्ट गाडीपाशी आली की तिथंच थांबवेन. पण उत्तर लिहू नकोस. तेही हीच वाचणार, आणि तुझं हो-नाही माझ्या आधी हिला कळणार. एवढं एक तरी मला आधी कळू दे. त्या दिवशी येऊन ज्ञानूच्या दुसऱ्या बाजूला बसलास, तर नाव घेईन.

तुझीच, बाईंच्या आधीपासूनची,
आजी राहीबाई
(अंगठा माझा, अक्षर हिचं)