चार मिनिटं बारा सेकंद

३ सप्टेंबर, मंगळवार
ही काल गावाबाहेर टेकडीवर बहिणीकडे गेली. चार दिवसांसाठी. दोन बॅगा भरल्या. हिरव्या बॅगेचं एक चाक तुटलेलं, म्हणे मे महिन्यात मला दुरुस्त करायला सांगितलं होतं. स्वेटर पण नेला. सप्टेंबरात स्वेटर! असो, बायकांना थंडी लवकर वाजते.

जाताना म्हणाली, तू माझं कधी ऐकतच नाहीस. मला हसूच आलं. बावीस वर्षं कानाच्या मशीनच्या दुकानात काढली, दिवसाला दहा-दहा कान तपासतो. ऐकण्यातलं माझ्याइतकं कळतं कोणाला? हेच तिला समजावत होतो, तेवढ्यात टॅक्सी सुटली.

निदान : प्रेम आटलंय. उपाय : गाणी.

५ सप्टेंबर, गुरुवार
प्लॅन तयार. चाळीस गाण्यांची यादी, प्रेमाचा एकही मूड सुटता कामा नये. ओळख पाच, लाडीगोडी आठ, रुसवा सात, विरह एकोणीस, पुनर्मीलन एक. यादी झाली की एकदम पाठवायची. ऐकेल, रडेल, येईल. फार तर दहा दिवस.

रोज संध्याकाळी सहाला, दुकानातल्या तपासणीच्या केबिनमध्ये बसून गाणी निवडायची. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतली रड बाहेर जात नाही. शिवाय विरह संपेपर्यंत गोड बंद. शोभत नाही.

सायं. ७.१५ : गोड उद्यापासून बंद.

६ सप्टेंबर, शुक्रवार
अजब प्रकार. गाणं मधेच थांबतं. नायक पत्र फाडायला घेतो आणि ठप्प. परत लावलं, परत ठप्प. पाच वेळा. स्क्रीनवर कसलीशी पाटी येते, पण पाट्या वाचत बसलं की मूडचा चुथडा होतो. बंद करून टाकली.

मग डोक्यात प्रकाश पडला. ज्या क्षणी माझं गाणं थांबतं, त्याच क्षणी तिला माझी आठवण येत असणार! वेळा टिपून ठेवल्यात : ६.१०, ६.१२, ६.१५, ६.२१, ६.४०. शेवटच्या दोन वेळांत एवढं अंतर का पडलं, ते कळलं नाही. बहुतेक फोन आला असेल.

९ सप्टेंबर, सोमवार
निवृत्त पोस्टमास्तर आले. जूनमध्ये त्यांना दुकानातलं सगळ्यात भारी मशीन दिलंय. तक्रार अशी, की संध्याकाळी व्यायामाच्या वर्गात गाणं मधेच ऐकू येईनासं होतं. फक्त सहा ते सात. एक पाय वर केलेला असतो, तो खाली कधी घ्यायचा ते समजत नाही. मशीन तपासलं, ठणठणीत. या वयात भास होतात, हे मोठ्याने पण प्रेमाने सांगितलं. बॅटरी बदलून दिली. म्हणाले, बाकीच्या अकरा जणांनाही ऐकू येत नाही. म्हटलं, त्यांनाही घेऊन या.

हिनेही मध्ये म्हाताऱ्या माणसांचं असलंच काहीतरी सुरू केलंय. व्यायाम की चित्रकला, एकदा विचारायला हवं. पहिल्या दिवशी मला बोलावलं होतं. नेमका त्याच दिवशी मी नवा इअरफोन आणला होता.

११ सप्टेंबर, बुधवार
तिचा व्हॉइस मेसेज आला! चार मिनिटं बारा सेकंद!

लगेच ऐकणार होतो, पण आवरलं. चार मिनिटं म्हणजे रडलीच असणार, आणि असं रडणं येताजाता ऐकायचं नसतं. चाळीस गाणी पूर्ण होऊ देत, मन तयार होऊ दे, मग ऐकेन. तोवर तिला अंगठा पाठवला.

खरं म्हणजे भीती वाटते. (ही ओळ खोडायची.)

१३ सप्टेंबर, शुक्रवार
अठ्ठावीस झाली. विरहात गाडी जोरात आहे. एका गाण्यात नायिका नायकाला विचारते, माझं काय चुकलं? पंधरा वेळा लावलं. प्रश्न खरं तर मला पडायला हवा, पण माझं काही चुकलेलं नसल्यामुळे गाणं तिच्या बाजूनेच बरं वाटतं.

साडूंचा फोन. भला माणूस, पण संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तिचा मेसेज ऐकलात का, म्हणाले. म्हटलं, सवडीने. म्हणाले, अहो, निदान रविवारच्या आत ऐका. ते आणखी काही बोलणार होते, पण मी त्यांना पुनर्मीलनाच्या गाण्याची अडचण समजावून सांगितली. वीस मिनिटं. शेवटी म्हणाले, चालू द्या तुमचं.

१५ सप्टेंबर, रविवार, सायं. ५.१०
दुकान बंद, घरूनच काम. एकोणचाळीस झाली, घोडं पुनर्मीलनापाशी अडलंय. जे गाणं काढावं त्यात नायक स्वतः धावत जातो. कधी स्टेशनवर, कधी विमानतळावर, एकात तर चक्क डोंगर चढून. माझा गुडघा हा असा. मला घरबसल्या पुनर्मीलन होईल असं गाणं हवंय.

५.४५ : मिळालं! नुसती बासरी. शब्द नाहीत, म्हणजे वाद नाहीत.

५.५५ : आज विक्रम झाला. तासाभरात गाणी एकवीस वेळा बंद पडली, मीही एकवीस वेळा लावली. तिकडे काय तळमळत असेल बिचारी! साडूंचे तीन मिस्ड कॉल. यादी पाठवली.

आता तिचा मेसेज ऐकायला हरकत नाही. पण डोकं चढलंय. उद्या.

१६ सप्टेंबर, सोमवार
तिचं उत्तर आलं : “बरं.”

चाळीस गाण्यांनी माणूस निःशब्द होतो म्हणतात ते खोटं नाही. पडदे धुवायला काढले. पलंगावर तिच्या बाजूला पडलेला माझा पसारा आवरला. व्हॉइस मेसेज आता ती आली की दोघं मिळूनच ऐकू.

१७ सप्टेंबर, मंगळवार, दुपारी
पोस्टमास्तर वर्गातल्या तिघांना कान तपासायला घेऊन आले. परवा रविवारी पाचला वर्गाचा कार्यक्रम होता. तीन महिने झाले म्हणून सगळ्यांच्या घरचे बघायला आले होते. गाणं पुन्हा तसंच. बाराही जण एक पाय वर करून उभे, मुलं-सुना बघतायत आणि गाणं बंद. एकवीस वेळा, म्हणाले. त्यांनी मोजलं होतं. शेवटी बाईंनी स्पीकर बाजूला ठेवला आणि स्वतःच एक-दोन-तीन म्हणत सगळं पार पाडलं.

तुमच्या बाईंचा स्पीकर बिघडला असणार, मी म्हटलं. म्हणाले, नाही हो, बाई म्हणतात स्पीकर चांगला आहे, घरी बिघाड आहे.

मग फोटो दाखवला. मला आधी दिसली ती दारापाशी ठेवलेली हिरवी बॅग. तीन चाकांची. नंतर ही दिसली. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, ही दाराकडे.

सायं. ६.०५, केबिन
ऐकलं.

रडलेली नाही. कुठेच नाही. नेहमीसारखी बोलली. गाण्यांचं खातं तिच्या नावावर आहे आणि ते एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. मी रडगाणं लावलं की तिच्या वर्गातलं गाणं बंद पडतं, आणि हे ती मला जूनपासून सांगतेय. सहा ते सात एवढा एक तास सोड, म्हणाली. रविवारी पाचला मात्र नक्की ये, हॉल तुझ्या दुकानामागे दोन गल्ल्यांवर आहे, मी दोन्ही बॅगा घेऊनच निघते, तिथूनच घरी जाऊ.

शेवटी मेहुणीचा आवाज : झालं का सांगून? आणि हिचा : झालं. ऐकणार नाही तो. तरी पाठवते.

पाच वाजता मी बासरी शोधत होतो. दोन गल्ल्या! गुडघ्याला दोन गल्ल्या काय जड होत्या? गाढव आहे मी. (ही ओळ राहू दे.)

६.२५ : सवयीने गाण्यावर बोट गेलं. ती पाटी आली. या वेळी वाचली. हे खातं दुसरीकडे चालू आहे, इथे वाजवल्यास तिथे बंद होईल. बोट मागे घेतलं. सात वाजेपर्यंत केबिनमध्ये नुसता बसून राहिलो.

७.०५ : फोन केला. बोल, म्हणाली. चाळीस गाणी पाठ, म्हटलं मात्र एवढंच, मेसेज ऐकला. मग तीच बोलली. सव्वीस मिनिटं. मी मध्ये एकदाही बोललो नाही.

दोनदा बोललो.

शेवटी विचारलं, कधी येतेस? म्हणाली, बघू. तूर्त दुसरा स्वेटर पाठवून दे, इकडे गारवा सुरू झालाय.

८.०० : कपाट उघडलंय. एक निळा आहे, एक करडा. कुठला ते तिने सांगितलं होतं.