लेखाखालची दुरुस्ती

तलासरी, मार्च २०१८

मिथुन,

पाच वर्षांपूर्वी आरोग्यावरच्या माझ्या वेबसाइटवरचा पहिला लेख तू कासाच्या बाजारात चारचौघांना मोबाईलवर वाचून दाखवला होतास. 'दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे वाहक असाल, तर लग्न करू नका,' असं मी त्यात ठणकावून लिहिलं होतं. महिन्याभराने आपले रिपोर्ट आले. दोघंही वाहक. तू म्हणालास, "तूच लिवलंय ना, मग आता काय बोलू?" आणि आपण लग्नाचा विचार तिथेच सोडला.

काल एका डॉक्टरबाईंनी माझी चूक दाखवली. लग्न करता येतं. गरोदरपणात लवकर तपासणी करून बाळाला आजार आहे का ते कळतं. मी लगेच लेखाखाली दुरुस्ती टाकली. वेबसाइटचा तसा नियमच आहे.

तुला मात्र हे पत्र पाठवणार नाही. परवा बाजारात तुझी लेक दिसली, आईचं बोट धरून चालत होती.

प्रगती