काटा अजून एचच्या अलीकडेच

४ मे

माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी. शेजारची योगिनी आमच्या गेटशी थांबली आणि म्हणाली, कुंदन, तुमची गाडी चालू आहे ना? त्या क्षणी.

लिहून ठेवतो, कारण असे क्षण पुढे कोणी मानत नाही. तिच्या हातात पत्रिकांचा गठ्ठा होता. वरच्या पत्रिकेवर तिचं नाव. म्हणजे सगळ्यांवरच असणार. शेजारी चि. रविराज, लासलगाव, घरचा कांद्याचा व्यापार. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की ती म्हणाली, हळदीच्या दिवशी लासलगावहून उष्टी हळद आणायची आहे, त्यांच्या सगळ्या गाड्या पाहुण्यांत अडकल्यात, तू जाशील का. मग आवाज खाली आणून म्हणाली, अजून एक काम आहे, मोठं आहे, ते तूच करायचंस. आल्यावर सांगते.

आवाज खाली आणून.

४ मे, जेवणानंतर

शांत डोक्याने विचार केला. शांत राहणं हा या महिन्याचा संकल्प आहे. काल रिक्षावाल्याशी झालं ते शेवटचं.

नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावतात. ती पोचल्याशिवाय नवरीची हळद सुरू होत नाही. हळद नाही तर लग्न कसलं. आणि ती आणायची कोणी, तर मी. याहून स्पष्ट कोणतीही मुलगी बोलू शकत नाही. पत्रिका हातात असताना तर नाहीच.

तिला भाऊ नाही. ही जमेची बाजू. आड येणारं घरात कोणी नाही.

५ मे

प्लॅन ठरला. जाईन, हळद घेईन, येताना विंचूरच्या पुढे गाडी तापेल. बाबांची गाडी आहे, तिला तापायला शिकवावं लागत नाही. बॉनेट उघडून मी उभा राहीन. वाट बघणारे वाट बघतील. कोणीतरी काहीतरी बोलेल, त्यावर कोणीतरी चिडेल, लग्नात एवढं पुरतं. मोडेल.

कोणाला दोष नाही. इंजिन आहे, तापतं.

आणि समजा तरीही लग्न झालंच, तर मी स्वतः लासलगावला जाऊन तिला परत घेऊन येईन. याच गाडीतून. पुढच्या सीटवर बसवून. हे शाईच्या पेनने लिहितोय.

६ मे

रंगीत तालीम म्हणून गाडी काढली. द्वारका सर्कलला ट्रॅफिकमध्ये पाचव्या मिनिटाला तापमानाचा काटा एचला, म्हणजे हॉटला, जाऊन चिकटला. बॉनेटमधून वाफ. मागून हॉर्न. उतरून एका हॉर्नवाल्याला विचारलं, याने इंजिन थंड होतं का. तो म्हणाला, इंजिनचं माहीत नाही, तू तरी हो.

मी शांत होतो. त्याच्या आरशाचं काय झालं ते मला माहीत नाही.

भिकनच्या गॅरेजला ढकलत नेली. तो म्हणाला, भाऊ, रेडिएटर गळतोय, खालून बारीक चीर आहे, चार दिवस ठेव, करून देतो. म्हटलं नको. म्हणाला, लांब जाणार असशील तर रस्त्यात बसशील. म्हटलं तेच पाहिजे. पाना खाली ठेवून तो म्हणाला, गाडीत कूलंट मी टाकतो, तुझ्यात टाकायला मात्र मोठं नरसाळं लागेल.

भिकनशी संबंध संपले.

मी मेकॅनिकलला होतो, दोन वर्षं. थर्मोच्या पेपरात हाच प्रश्न होता, इंजिन थंड कसं ठेवतात. सर मागे उभे राहून माझा पेपर वाचत होते. वाद झाला. पेपर फाडून बाहेर आलो ते आलोच. योगिनी जिन्यात उभी होती. म्हणाली, असं का करतोस रे. सगळे 'असं का करतोस' एवढंच म्हणतात. 'रे' फक्त तिने लावला.

७ मे

उज्वला काकू, म्हणजे योगिनीची आई, घरी आल्या. आईशी बोलल्या, चहा घेतला, आणि जाताना मला म्हणाल्या, कुंदन, तुझ्या शर्टाचं माप सांग बरं.

चाळीस, म्हटलं. त्यांनी मोबाइलमध्ये टाईप करून घेतलं. बाह्या फुल का हाफ, तेही विचारलं.

कोणती आई लग्नाच्या तोंडावर शेजारच्या मुलाचं माप घेते? माप जावयाचं घेतात. म्हणजे काकूंनाही माहीत आहे. म्हणजे घरात बोलणं झालंय.

आई मला विचारत होती, हसतोस काय एकटाच. सांगितलं नाही.

८ मे

योगिनी बाल्कनीत. हात केला. मीही केला. नंतर कळलं की मागे गॅसवाला होता.

काही फरक पडत नाही.

९ मे

भिकनशी संबंध परत सुरू केले, कामापुरते. त्याने एक युक्ती सांगितली. काटा चढला की हीटर फुल लावायचा, इंजिनातली उष्णता आत गाडीत येते. मी म्हटलं, मे महिना आहे. तो म्हणाला, मग काय, इंजिन वाचव नाहीतर स्वतःला वाचव.

पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. उद्याच्या वाफेत दिसायला बरा दिसेल.

१० मे, लासलगाव

पोचलो. गाडीने येताना काही त्रास दिला नाही, याचा मला त्रासच झाला.

रविराज अंगणात पाटावर, कपाळापासून पायापर्यंत पिवळा. हात हळदीचा, म्हणून कोपराने कोपराला नमस्कार केला. म्हणाला, तुम्हीच कुंदन का, योगिनी सांगते तुमच्याबद्दल. काय सांगते ते विचारायला हवं होतं. तोवर त्याच्या गालावर बायकांनी आणखी एक थर दिला.

बरा आहे दिसायला. त्याने काही सिद्ध होत नाही.

हळद स्टीलच्या डब्यात. सोबत रविराजची आत्या, यशोदाबाई. नऊवारी, कपाळभर कुंकू, डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरलेला. पुढच्या सीटवर बसल्या. दार लावताना मी म्हटलं जोरात ओढा. त्यांनी असं ओढलं की आरसा हलला.

१० मे, विंचूरच्या अलीकडे

गाडी बंद. बॉनेट उघडं. रस्त्याकडेला बाभळीखाली लिहितोय.

लासलगाव सोडल्यापासून कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे. ओव्हरटेकला जागा नाही, पहिला-दुसरा गिअर, हवा लागत नाही. काटा अर्ध्यावर, मग पाऊणवर. मी काही केलं नाही. हे लिहून ठेवतो. मी विंचूरच्या पुढे ठरवलं होतं, हे अलीकडेच झालं.

वाफ आल्यावर उतरलो आणि रेडिएटरचं टोपण लगेच उघडलं. ते उघडायचं नसतं. उजव्या हाताला फोड आलाय. यशोदाबाई काचेतून म्हणाल्या, बाळा, घरात कुकर तरी कधी उघडलाय का.

मग सांगितलं त्यांना, जे सांगायचं ठरवलं होतं ते. आत्या, गाडी आता लवकर चालू होत नाही. उशीर होईल. फार उशीर.

वाटलं ओरडतील. त्यांनी मांडीवरचा डबा नीट धरला. मग म्हणाल्या, आमच्या घराचं नाय काय, पण मागं लोकं हायेत, तोंडं लय हायेत. म्हणतील नवरीचं पाऊल पडायच्या आधीच हळद अडली. म्हणतील गाडीबी तिच्याच घरची हुती. त्या पोरीला आयुष्यभर ऐकवतील बघ, माझ्या सासूनं मला तीस वर्ष ऐकवलं, माझ्या वऱ्हाडात पाऊस पडला म्हणून.

हे प्लॅनमध्ये नव्हतं. मी धरलं होतं की बोल रविराजला लागतील, गाडीला लागतील, फार तर मला.

म्हटलं, पोचवतो.

प्लॅन बदललेला नाही. फक्त पुढे ढकललाय.

१० मे, तिथेच, थोड्या वेळाने

हॉटेलवाल्याकडून पाणी आणलं. भरलं तसं खालून गळायला लागलं. चिरीतून, भिकन म्हणाला तशी. यशोदाबाई उतरल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, आमच्या ट्रॅक्टरला असं झालं की धनी रेडिएटरात हळद टाकतात, ती जाऊन चिरीत बसते.

म्हटलं, हळद कुठून आणू आता.

आम्ही दोघांनीही डब्याकडे बघितलं.

म्हटलं आत्या, ही उष्टी हळद आहे. म्हणाल्या, मग? नवरीला काय किलोभर लागती का? बोटभर लागली तरी लागली. डब्याला हात लावून त्या काहीतरी पुटपुटल्या, मग त्यांनी दोन बोटं भरून घेतली आणि स्वतःच्या हाताने रेडिएटरात सोडली. वर थोडं पाणी. मला म्हणाल्या, जा आता, लाव चावी.

रविराजच्या अंगावरची हळद माझ्या इंजिनात. यावर काय वाटायला हवं ते ठरवता आलं नाही.

गळती थांबली.

१० मे, चांदोरी

हीटर फुल. काचा खाली. बाहेरची हवा गरम, आतली त्याहून गरम. यशोदाबाईंनी पदर डोक्यावरून घेतलाय आणि डबा पदराखाली ठेवलाय, हळद वाळू नये म्हणून. त्यांच्या मुलीच्या लग्नात काय झालं ते सांगतायत. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकतो तो पुसायलाही थांबत नाहीत. मला विचारलं, तुझं ठरलंय का कुठं. म्हटलं, जवळपास.

काटा पाऊणवर. योगिनीचे तीन फोन आले. उचलले नाहीत, गाडी चालवताना उचलत नाही. चौथा यशोदाबाईंनी उचलला. म्हणाल्या, येतोय गं, तुझा माणूस गाडी लय जपून आणतोय.

तुझा माणूस. त्या म्हणाल्या. मी नाही.

आता थांबलोय. पाणी बघायला हवं. या वेळी टोपणावर ओला टॉवेल टाकणार, हळू फिरवणार. शिकतो माणूस.

१० मे, संध्याकाळ

टॉवेल घेतला होता. फिरवलंही हळूच. तरी उडालं. कारंजं. या वेळी पिवळं. भाजलं नाही, पण तोंडावर, गळ्यावर, पांढऱ्या शर्टावर, सगळीकडे हळद. यशोदाबाई डबा घट्ट धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, राहू दे, पुसू नको, शकुनाची हाय.

एकलहऱ्याला कॉलनीत शिरलो तेव्हा मांडवात बायका वाट बघत होत्या. आधी यशोदाबाई उतरल्या, डबा वर धरून. मग मी. मला बघून कोणीतरी म्हणालं, अगं नवरीच्या आधी यालाच लागली. जे हसू फुटलं ते गेटपर्यंत ऐकू गेलं असेल.

मी रागावलो नाही. रागवायचं कोणावर ते सुचलं नाही.

योगिनी पाटावर बसलेली. माझ्याकडे बघून हसली, मग एकदम हसणं थांबलं, आणि म्हणाली, हात भाजला का रे तुझा?

म्हटलं, थोडा.

म्हटलं, ते काम काय होतं.

तिने उज्वला काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, अरे तुला सांगायचं राहिलंच, उद्या मंगलाष्टकं झाली की नवऱ्याचा कान पिळायचा असतो ना, तो मान नवरीच्या भावाचा. हिला भाऊ नाही. ही केव्हापासून म्हणते, कुंदनच पिळणार, दुसरं कोणी नाही. म्हणून तर शर्टाचं माप घेतलं, नवऱ्याकडच्यांना कान पिळणाऱ्याला कापड द्यावं लागतं, त्यांनी शिवूनच घेतलंय.

योगिनी म्हणाली, जोरात पिळ हां. तुझ्या हातून चांगला पिळला जाईल, राग आहे ना तुला.

मग बायकांनी हळद लावायला घेतली आणि मला मागे व्हायला सांगितलं.

११ मे

पिळला.

रात्री ठरवलं होतं की इतका पिळीन की लाल होईल. स्टेजवर गेलो. रविराजने स्वतःच कान पुढे केला आणि हळूच म्हणाला, मेव्हणे, पेट्रोलचे किती झाले ते सांगा बरं का, आणि हात कसा आहे. मी पकडला. गार होता, माणसाचा कान असतो तसा. थोडा फिरवला. फोटोवाला म्हणाला, अजून एकदा, दिसलं नाही. मग अजून एकदा.

कापड मिळालं. शर्ट. आकाशी, फुल बाह्या.

ती जाताना सगळे रडत होते. मी गाडीच्या रेडिएटरात पाणी बघत होतो. पाणी बरोबर होतं.

१२ मे

काही नाही.

दुपारी भिकन आला. रेडिएटर उघडून बघितला. आत हळदीचा थर बसलाय, म्हणाला, चीर बुजलीय, कोणी सुचवलं तुला? सांगितलं नाही. म्हणाला, हे कायमचं नाही, पण लासलगाव एकदा जाऊन येशील एवढं टिकेल.

म्हटलं, मी कशाला जातोय लासलगावला.

१३ मे

उज्वला काकू सकाळी आल्या. योगिनीला पहिल्यांदा माहेरी आणायचं आहे. त्यासाठी भाऊ जातो, मुराळी. त्यांनी दारातूनच विचारलं, कुंदन, गाडी चालू आहे ना?

५ तारखेचं पान उघडून बघितलं. स्वतः जाऊन तिला लासलगावहून परत आणीन. याच गाडीतून. पुढच्या सीटवर. शाईने लिहिलंय.

पांढऱ्या शर्टाची हळद निघाली नाही. आकाशी घातला. माप बरोबर आहे.

आईने विचारलं, पाण्याच्या बाटल्या घेतल्या का. घेतल्या. टॉवेल घेतला का. घेतला.

चावी घेतली. बाहेर येऊन दार ओढून घेतलं, हळूच.